वर्धा–गोदावरी खोऱ्यातील कोळसा खाणगावे

वर्धा–गोदावरी खोऱ्यातील कोळसा खाणगावे ही वर्धा, पैनगंगा, प्राणहिता व मध्य गोदावरी या नद्यांच्या परिसरात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कोळशाच्या आधाराने वसलेली किंवा वाढलेली गावे होत. वरोरा, बल्लारपूर, घुग्घुस, माजरी, राजूर व सास्ती ही त्यांपैकी महाराष्ट्रातील, तर येल्लंदू, कोत्तगुडेम व बेल्लमपल्ली ही आजच्या तेलंगणातील प्रमुख गावे आहेत. इ.स. १९४८ पूर्वी हा प्रदेश दोन सत्तांमध्ये विभागलेला होता. वर्धा नदीच्या पूर्वेस ब्रिटिशांच्या मध्य प्रांतातील चांदा जिल्हा, तर पैनगंगेच्या दक्षिणेस व वर्धेच्या नैर्ऋत्येस हैदराबादच्या निजामाचे राज्य होते. नांदेड हा त्याच राज्याचा जिल्हा होता आणि लातूर हे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील एक तालुक्याचे गाव होते.

या गावांचा उदय एकसारखा असला, तरी ऱ्हास एकसारखा नाही. काहींचा कोळसा संपला. पण बहुतेकांच्या बाबतीत कोळसा शिल्लक असताना, किंबहुना उत्पादन वाढत असताना, माणसांची गरज संपली.

व्याप्ती

सोने किंवा हिरे यांच्या शोधातून उभी राहिलेली गावे आणि कोळशाची गावे यांत मूलभूत फरक आहे. सोने थैलीत मावते. ते न्यायला घोडा पुरतो. म्हणूनच अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातील बोडीसारखी गावे रेल्वेपासून दूर, निर्जन डोंगरात उभी राहू शकली आणि सोन्याची शिर आटताच ओसही पडली. कोळशाचे तसे नाही. तो जड व स्वस्त असल्यामुळे रेल्वे असल्याखेरीज खाण चालत नाही, आणि एकदा आलेला रूळ खाण बंद झाल्यावर सहसा उखडला जात नाही. त्यामुळे पूर्णपणे निर्मनुष्य झालेले गाव या खोऱ्यात क्वचितच आढळते. येथील ऱ्हास रिकाम्या क्वार्टरांत, ओस पडलेल्या बाजारओळीत आणि जनगणनेच्या आकड्यांत शोधावा लागतो.

भूशास्त्रीय पार्श्वभूमी

मराठवाड्याचा बहुतेक भाग बेसॉल्ट या ज्वालामुखीजन्य काळ्या खडकाने व्यापलेला आहे. या थराला दख्खनचा पठारी खडक किंवा डेक्कन ट्रॅप म्हणतात. कोळसा त्याहून फार जुन्या, गोंडवन गटाच्या खडकांत सापडतो. त्यातील कोळसाधारी थरांना बराकर थर अशी संज्ञा असून ते सुमारे पंचवीस ते तीस कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. लातूर येथे हे खडक असतीलच, तर ते लाव्हारसाच्या जाड आवरणाखाली गाडलेले आहेत. पूर्वेकडे जाताना मात्र हे आवरण विरळ होत जाते. नांदेड जिल्ह्याच्या किनवट–माहूर भागातून पैनगंगेच्या प्रवाहाबरोबर खाली गेल्यास वणी व राजुरा परिसरात जुने खडक उघडे पडतात. पैनगंगा वर्धेला, वर्धा वैनगंगेला मिळून प्राणहिता होते आणि ती गोदावरीला मिळते. कोळशाचा पट्टाही साधारणपणे याच दिशेने, वायव्येकडून आग्नेयेकडे, पसरला आहे. 'गोंडवन' हे भूशास्त्रातील जगन्मान्य नाव याच भूभागावर राज्य केलेल्या गोंडांवरून आले आहे.

कोळशापूर्वीच्या खाणी

या प्रदेशात खनिजासाठी वस्ती होण्याची परंपरा कोळशाहून जुनी आहे. आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील वैरागड येथील हिऱ्याच्या खाणीचा उल्लेख अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त आहे. ही खाण पुढे ओस पडली आणि वैरागड हे किल्ल्याचे अवशेष मिरवणारे खेडे म्हणून उरले. लोहारकामासाठी लागणारे लोखंडही चांदा भागात स्थानिक भट्ट्यांमध्ये गाळले जात असे. मात्र त्या व्यवसायाने स्वतंत्र गावे उभी केली नाहीत. तो शेतीला आणि जंगलाला जोडून चालणारा उद्योग होता.

वरोरा

इ.स. १८५३ मध्ये नागपूरचे भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यानंतर चांदा जिल्हा ब्रिटिशांकडे आला. मुंबई–नागपूर लोहमार्ग इ.स. १८६७ मध्ये नागपूरला पोचला. इंजिनांना लागणारा कोळसा बंगालमधून किंवा समुद्रमार्गे इंग्लंडहून आणावा लागत असल्यामुळे तो जवळपास मिळणे ही रेल्वेची निकड होती. वर्धा खोऱ्यातील शोधाला जी गती आली ती या निकडीमुळे. वरोरा येथे सरकारी मालकीच्या खाणीचे काम इ.स. १८७१ मध्ये सुरू झाले. वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्यापर्यंत खास शाखा टाकण्यात आली व ती इ.स. १८७७ मध्ये पूर्ण झाली. तिचे नावच 'वर्धा कोल स्टेट रेल्वे' असे होते. भारतीय भूगर्भ सर्वेक्षणाचे टी. डब्ल्यू. एच. ह्यूज यांनी या कोळसाक्षेत्राचा सविस्तर अहवाल त्याच सुमारास प्रसिद्ध केला.

वरोरा हे खाणीमुळे जन्मलेले गाव नव्हे. ते आधीपासूनचे बाजाराचे गाव होते. खाण व रेल्वे यांनी त्याला जिल्ह्यातील महत्त्वाचे शहर बनवले. पस्तीस वर्षे ही खाण सरकारने चालवली. वर्धा खोऱ्यातील कोळसा हवेच्या संपर्कात आपोआप तापून पेटण्याच्या गुणधर्माचा आहे. आधार म्हणून राखलेल्या कोळशाच्या खांबांना भेगा पडल्या की त्यांतून हवा शिरते आणि आग धुमसू लागते. भूमिगत खाणीत अशी आग विझवण्यापेक्षा तो भाग भिंत घालून बंद करणे अधिक सोपे असते, आणि बंद केलेल्या प्रत्येक भागाबरोबर त्यातला कोळसाही गमवावा लागतो. वरोऱ्याची खाण अखेर इ.स. १९०६ मध्ये बंद करण्यात आली.

खाण बंद होऊनही वरोरा ओस पडले नाही, आणि याचे कारण कापूस हे आहे. कोळशासाठी आलेली रेल्वे हिंगणघाट–वरोरा या कापसाच्या पट्ट्यातून जात होती. सरकी काढण्याचे आणि गठाणी बांधण्याचे कारखाने रेल्वेच्या आधाराने तगून राहिले. पुढे बाबा आमटे यांनी याच गावी वकिली केली व इ.स. १९४९ मध्ये महारोगी सेवा समितीची स्थापना करून गावाशेजारच्या खडकाळ जमिनीवर आनंदवन उभारले. आज महाराष्ट्राला वरोरा ठाऊक आहे ते आनंदवनामुळे. हे गाव एके काळी मध्य प्रांताच्या कोळशाचे प्रमुख ठिकाण होते, हे जिल्ह्याबाहेर फारसे आठवले जात नाही.

बल्लारपूर व सास्ती

वरोऱ्याची खाण शेवटच्या अवस्थेत असताना सरकारने दक्षिणेकडे बल्लारपूर येथे नवी खाण सुरू केली आणि रेल्वेही त्या दिशेने वाढवली. बल्लारपूर ही चांद्याआधीची गोंड राजांची राजधानी होय. वर्धेच्या काठावरील तेथील किल्ला आजही उभा आहे. नदीच्या पलीकडे, समोरच, निजामाच्या राज्यातील राजुरा तालुका लागे आणि त्यात सास्तीचे कोळसाक्षेत्र येई. कोळशाचा थर नदीखालून सलग गेलेला असला, तरी वरच्या जमिनीवर दोन राज्ये, दोन कायदे आणि दोन नाणी होती. निजामाच्या राज्यात हाली सिक्का हे वेगळे चलन वापरात होते.

बल्लारपूरचे भवितव्य पालटले ते १९२० च्या दशकाच्या अखेरीस. निजाम सरकारच्या रेल्वेने काझीपेठ–बल्लारशाह हा मार्ग पूर्ण केला आणि दिल्ली–मद्रास हा थेट लोहमार्ग जुळून आला. कोळशासाठी आखलेल्या शाखेचे शेवटचे स्थानक अशा रीतीने देशाच्या मुख्य रेल्वेमार्गावरील जंक्शन बनले. स्थानकाचे नाव आजही 'बल्लारशाह' आणि गावाचे 'बल्लारपूर' आहे. नवख्या प्रवाशांचा त्यामुळे गोंधळ होतो. इ.स. १९४५ मध्ये येथे बांबूवर आधारित कागद कारखान्याची कंपनी स्थापन झाली. पुढील अनेक दशके गावाची ओळख कोळशाइतकीच, किंवा काकणभर अधिक, कागदाने घडवली.

येल्लंदू आणि सिंगरेणी कंपनी

वरोऱ्याची खाण सुरू झाली त्याच वर्षी, म्हणजे इ.स. १८७१ मध्ये, भूगर्भ सर्वेक्षणाचे डॉ. विल्यम किंग यांना निजामाच्या राज्यात येल्लंदू परिसरात कोळसा आढळला. त्यातील मुख्य थराला पुढे त्यांचेच नाव देण्यात आले. राज्यातील खनिजांचे हक्क मिळवण्यासाठी इ.स. १८८६ मध्ये इंग्लंडमध्ये 'हैदराबाद (डेक्कन) कंपनी' स्थापन झाली. या सवलतीच्या व्यवहारात समभागांचे जे वाटप झाले, त्यावरून मोठा गदारोळ उठला आणि इ.स. १८८८ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीने त्याची चौकशी केली. निजामाच्या दरबारातील प्रभावशाली अधिकारी अब्दुल हक यांना या प्रकरणात पद गमवावे लागले. खाणीतून कोळशाची पहिली गाडी भरण्याआधीच लंडनच्या बाजारात तिच्या नावावर पैसा झाला होता, हा या खोऱ्याच्या इतिहासातील बोलका प्रसंग आहे.

येल्लंदूपर्यंत रेल्वेची शाखा आल्यावर इ.स. १८८९ च्या सुमारास व्यापारी उत्पादन सुरू झाले. जवळच्या सिंगरेणी गावाच्या नावावरून खाणींना आणि पुढे कंपनीला नाव मिळाले. इ.स. १९२० मध्ये सध्याच्या 'सिंगरेणी कोलिअरीज कंपनी'ची नोंदणी झाली व इ.स. १९४५ मध्ये निजाम सरकारने तिचे बहुसंख्य भाग विकत घेतले. देशातील सरकारी मालकीची ही सर्वात जुनी कोळसा कंपनी ठरते. आज तिचे ५१ टक्के भाग तेलंगणा सरकारचे व ४९ टक्के केंद्र सरकारचे आहेत.

कंपनीला नाव देणारे मूळ खाणक्षेत्र मात्र मागे पडले. काझीपेठ–बल्लारशाह मार्गामुळे उत्तरेकडे बेल्लमपल्ली भागातील कोळसा काढणे शक्य झाले आणि तेथे १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात काम सुरू झाले. इ.स. १९३७ पासून कोत्तगुडेमच्या खाणी पुढे आल्या व कंपनीचे मुख्यालयही तेथेच गेले. बेल्लमपल्लीच्या नशिबीही पुढे तोच क्रम आला. तेथील भूमिगत खाणी एकामागून एक बंद झाल्या, कामगारांच्या बदल्या मंचेरियाल–श्रीरामपूर पट्ट्यात झाल्या आणि इ.स. २००१ ते २०११ या दशकात, भोवतालची शहरे फुगत असताना, या शहराची लोकसंख्या घटली.

वस्ती व कामगार

कोळशाच्या खाणीत काम करायला आरंभी स्थानिक शेतकरी सहसा राजी नसत. पेरणी आणि कापणीच्या दिवसांत ते खाण सोडून शेतावर जात. त्यामुळे खाणमालकांनी दूरचे मजूर आणले. बल्लारपूर, घुग्घुस व चंद्रपूरच्या कॉलरी भागांत तेलुगू, हिंदी व छत्तीसगढी बोलणाऱ्या मजुरांची वस्ती याच प्रक्रियेतून झाली. गोंडी आणि मराठी तर तेथे आधीपासून होतीच. या गावांत ऐकू येणारी मराठी वेगळ्या वळणाची आहे. तीत 'पाळी', 'हाजरी', 'क्वार्टर', 'कॉलरी' हे शब्द घरगुती होऊन बसले आहेत. 'राजूर कॉलरी' हे तर यवतमाळ जिल्ह्यातील एका गावाचे रूढ नावच आहे. चुनखडी भाजणाऱ्या भट्ट्यांसाठीही ते ओळखले जाते.

स्त्रिया पूर्वी खाणीत पुरुषांच्या बरोबरीने, बहुधा कोळसा भरण्याचे व वाहण्याचे काम करीत. इ.स. १९२९ च्या नियमांनी त्यांचे भूमिगत काम टप्प्याटप्प्याने बंद करण्यास सुरुवात झाली. दुसऱ्या महायुद्धात कोळशाची टंचाई पडताच ही बंदी उठवण्यात आली आणि इ.स. १९४६ मध्ये पुन्हा लागू झाली. सुरक्षेच्या दृष्टीने ही बंदी योग्यच होती. परंतु जोडप्याने काम करून चालणाऱ्या संसाराची निम्मी कमाई तिने थांबवली, याची नोंद कायद्याच्या इतिहासात क्वचितच होते.

खाणकामगाराचे घर त्याच्या मालकीचे नसे व नाही. ते नोकरीबरोबर मिळते आणि नोकरीबरोबर जाते. शेतकरी गावात दुष्काळ पडला तरी घर व सातबारा राहतो. खाणगावात तसा आधार नाही. खाण बंद झाल्यावर अशा वस्त्या लवकर रिकाम्या का होतात, याचे एक प्रमुख कारण या मालकीच्या पद्धतीत आहे.

चंद्रपूर शहरात खाण आणि जुने गाव एकमेकांत मिसळून गेले. महाकाली कॉलरी, रय्यतवारी कॉलरी, लालपेठ ही खाणींची नावे आज शहराच्या वस्त्यांची नावे आहेत. झरपट नदीकाठच्या महाकाली देवीच्या चैत्र यात्रेला मराठवाड्यातून, त्यातही नांदेड व परभणी भागांतून, मोठ्या संख्येने भाविक येतात. या यात्रेची वाट खाणींहून जुनी आहे. कोळशाच्या पट्ट्याची मराठवाड्याला असलेली ओळख पिढ्यान्‌पिढ्या या वाटेनेही होत आली आहे.

मराठवाड्याशी संबंध

मराठवाड्यात कोळशाची खाण नाही. तरी या खोऱ्याशी त्याचे नाते अनेक पदरी आहे. मनमाड–सिकंदराबाद हा हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वेचा मार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी नांदेडमार्गे सुरू झाला. निजामाच्या राज्यातील रेल्वेची इंजिने प्रामुख्याने सिंगरेणीच्या कोळशावर चालत. नांदेडची उस्मानशाही कापड गिरणी व परिसरातील जिनिंग कारखाने वाफेच्या त्याच युगात उभे राहिले. स्वातंत्र्योत्तर काळात, इ.स. १९७१ पासून, लातूरच्या शेजारी बीड जिल्ह्यात परळी औष्णिक विद्युत केंद्र सुरू झाले. त्याला लागणारा सर्व कोळसा बाहेरून रेल्वेने येतो. इ.स. २०१३ च्या दुष्काळात हे केंद्र बंद ठेवावे लागले ते कोळशाअभावी नव्हे, पाण्याअभावी. मुदखेड–किनवट–आदिलाबाद–वणी–माजरी या लोहमार्गाने नांदेड आज थेट कोळसापट्ट्याशी जोडलेले असून नंदिग्राम एक्सप्रेस याच वाटेने धावते.

प्रशासकीय संबंध अल्पजीवी, पण उल्लेखनीय होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन झाले, तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे मराठीभाषक तालुके मुंबई राज्यात येऊन नांदेड जिल्ह्याला जोडले गेले. किनवट नांदेडातच राहिला. राजुरा मात्र नांदेडपासून दूर आणि मध्ये परक्या जिल्ह्यांचा मुलूख, अशी अडचणीची स्थिती असल्यामुळे इ.स. १९५९ मध्ये तो चांदा जिल्ह्यात घालण्यात आला. अशा प्रकारे सास्तीचे कोळसाक्षेत्र सुमारे तीन वर्षे कागदोपत्री मराठवाड्यात होते.

इ.स. १९७२ च्या दुष्काळात आणि त्याच्या आगेमागे नांदेड, लातूर, परभणी या भागांतील अनेक कुटुंबे राजुरा तालुक्यातील माणिकगड डोंगरावर, आजच्या जिवती तालुक्यात, येऊन स्थायिक झाली. त्यांत बंजारा, मातंग, बौद्ध, मराठा अशा अनेक समाजांचे लोक होते. जंगल तोडून त्यांनी शेती केली. पण जमिनीच्या पट्ट्यांचा प्रश्न वन व महसूल या दोन खात्यांच्या नोंदींत दीर्घकाळ अडकून राहिला. याच डोंगराच्या पायथ्याशी पैनगंगा गटाच्या चुनखडीवर १९८० च्या दशकात गडचांदूर व आवारपूर येथे सिमेंट कारखाने उभे राहिले. दुष्काळाने हलवलेले शेतकरी आणि चुनखडीने आणलेला उद्योग असे एकाच डोंगरावर आले. गडचांदूर हे त्यामुळे वाढलेले, या पट्ट्यातील नव्या पिढीचे खाणगाव होय.

जिवती तालुक्याच्या सीमेवरील मुकदमगुडा, परंडोली, महाराजगुडा इत्यादी गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा या दोन्ही राज्यांचा दावा आहे. तेथे दोन्ही राज्यांच्या शाळा व शिधापत्रिका आहेत आणि अनेक रहिवाशांची नावे दोन्ही मतदारयाद्यांत आहेत. दोन सरकारे असूनही जमिनीचा हक्क मात्र पक्का नाही, ही तेथील रहिवाशांची तक्रार आहे.

राष्ट्रीयीकरण व उघड्या खाणी

इ.स. १९७३ मध्ये देशातील खासगी कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. वर्धा खोऱ्यातील खाणी इ.स. १९७५ मध्ये कोल इंडियाच्या छत्राखाली 'वेस्टर्न कोलफील्ड्स' या नागपूरस्थित कंपनीकडे आल्या. कामगारांना निश्चित वेतन, भविष्य निर्वाह निधी, रुग्णालये आणि शाळा मिळाल्या. या गावांची भरभराट १९७५ ते १९९० या काळात सर्वाधिक होती, असे म्हणता येईल. चंद्रपूरचे महाऔष्णिक विद्युत केंद्र १९८० च्या दशकात सुरू झाले. त्याची सध्याची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. वाफेची इंजिने १९९० च्या दशकात बंद पडली, तोवर रेल्वेऐवजी वीज हीच कोळशाची मुख्य ग्राहक झालेली होती.

ऱ्हासाचे बीजही याच काळात पेरले गेले. भूमिगत खाणीत कोळशाचे खांब राखून मधला कोळसा काढावा लागतो. त्यासाठी मोठे मनुष्यबळ लागते आणि निम्म्याच्या आसपास कोळसा आतच राहू शकतो. उघड्या, म्हणजे ओपन कास्ट, खाणीत वरची सगळी माती व खडक काढून थर मोकळा केला जातो. हे काम अवजड यंत्रे आणि डंपर करतात. सिंगरेणी कंपनीचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. इ.स. १९९० च्या सुमारास तिच्याकडे एक लाखाहून अधिक कामगार होते आणि वार्षिक उत्पादन दोन कोटी टनांहून कमी होते. इ.स. २०२३–२४ मध्ये उत्पादन सुमारे सात कोटी टन झाले, तर कायम कामगारांची संख्या चाळीस हजारांच्या घरात आली. काढलेला कोळसा वाढला आणि त्यावर जगणारी घरे कमी झाली. माती काढण्याचे काम बहुतांशी कंत्राटदारांकडे गेले. कंत्राटी कामगार क्वार्टरमध्ये राहत नाही आणि त्याचे वेतनही कायम कामगाराच्या तुलनेत बरेच कमी असते, त्यामुळे खाणगावच्या बाजाराला पूर्वीसारखा पगाराचा दिवस उरला नाही.

उघड्या खाणीला जमीन फार लागते. ती मुख्यतः इ.स. १९५७ च्या कोळसाधारी क्षेत्र (संपादन व विकास) अधिनियमाखाली घेतली जाते. कोल इंडियाच्या इ.स. २०१२ च्या पुनर्वसन धोरणात दोन एकरांमागे एक नोकरी असे सूत्र आहे. अल्पभूधारकांना ते पुरत नाही, म्हणून अनेक शेतकरी आपले तुकडे एकत्र करून एका वारसाला नोकरी मिळवतात. एका भावाला नोकरी आणि इतरांना रोख रक्कम, अशी वाटणी या तालुक्यांत घरोघरी आढळते. ती सर्वांना मानवतेच असे नाही. शिवाय शेतमजूर व कूळ यांच्या नावावर जमीनच नसल्यामुळे या सूत्रात त्यांना जागा नाही.

खाण एका निर्णयाने बंद पडू शकते, याचे अलीकडचे उदाहरण भद्रावती तालुक्यातील बरांज हे आहे. कर्नाटकातील वीज केंद्रांसाठी येथे कोळसा काढला जात होता. २४ सप्टेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशातील २१४ कोळसापट्ट्यांचे वाटप रद्द केले. बरांजचे पट्टे त्यांत होते. मार्च २०१५ नंतर काम थांबले. जमीन दिलेल्या ग्रामस्थांची नोकरी आणि पुनर्वसन दोन्ही त्याबरोबर लांबणीवर पडले. काही वर्षांनी खाण पुन्हा सुरू झाली तरी पुनर्वसनासाठीची आंदोलने चालूच राहिली.

बंद खाणींचा वारसा

भूमिगत खाणीतील पोकळी नियमानुसार नदीची वाळू भरून बुजवायची असते. ते न झाल्यास किंवा अपुरे झाल्यास राखलेले खांब कालांतराने खचतात. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुस येथील आमराई प्रभागात एक राहते घर बघता बघता जमिनीत गडप झाले. घरातील माणसे आधीच बाहेर धावल्यामुळे बचावली. या वस्तीखाली जुन्या भूमिगत खाणीचे बोगदे होते. प्रशासनाने आसपासच्या शेकडो रहिवाशांना इतरत्र हलवले. खाण बंद होऊन इतकी वर्षे लोटली होती, की वर राहणाऱ्यांपैकी अनेकांना ती पायांखाली असल्याची जाणीवच नव्हती.

इ.स. २००९ पासून प्रत्येक खाणीसाठी ती बंद करण्याची योजना आधीच तयार करणे आणि त्यासाठीची रक्कम वेगळ्या खात्यात ठेवणे केंद्र सरकारने बंधनकारक केले आहे. ही तरतूद जमीन, ढिगारे व पाण्याचे खड्डे यांविषयी तपशिलाने बोलते. गावातील दुकानदार, शाळा आणि क्वार्टरमधील निवृत्त कामगार यांच्याविषयी तिच्यात फारच थोडे आहे.

सद्यस्थिती

वर्धा खोऱ्यात आज वणी, माजरी, बल्लारपूर व चंद्रपूर या क्षेत्रांत उत्पादन चालू आहे. वरोरा तालुक्यातही एकोना येथे उघडी खाण सुरू झाली असून वरोऱ्याजवळ ६०० मेगावॉटचे खासगी औष्णिक केंद्र आहे. पहिली खाण बंद झाल्यानंतर शतकभराने कोळसा या तालुक्यात परतला. मात्र शहराच्या अर्थव्यवहारात त्याला पूर्वीचे स्थान मिळालेले नाही. घुग्घुसचा आधार कोळशाकडून हळूहळू लोखंडाकडे सरकत आहे. तेथील कारखान्याला गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली तालुक्यातून, सुरजागड डोंगरावरून, लोहखनिज येते. सुरजागड येथील खाणकामाला स्थानिक माडिया समाजाचा व ग्रामसभांचा विरोध होता. डिसेंबर २०१६ मध्ये माओवाद्यांनी तेथे मोठ्या संख्येने मालमोटारी जाळल्यामुळे काम थांबले आणि इ.स. २०२१ पासून ते पुन्हा मोठ्या प्रमाणावर सुरू झाले. एटापल्ली ते आलापल्ली या जंगलवाटेवर खनिजाच्या मालमोटारींची रांग आता नित्याची झाली आहे. रस्त्याच्या कडेला गॅरेज, खानावळी आणि भाड्याच्या खोल्या वाढत आहेत, आणि कोनसरी येथे पोलाद प्रकल्पाची उभारणी चालू आहे.